टेलोमिअरची लांबी मोजण्याची चाचणी – आमच्या घरातल्या तीन पिढ्या आणि एक आलेख

गिरणगावकर_अलका | शुक्रवार, रात्री १०:४०

माझ्या भाच्याच्या मानेवरचा मळ निघत नाही म्हणून वहिनी दर रविवारी डाळीचं पीठ आणि लिंबू लावून त्याची मान घासायची. तेव्हा तो आठवीत होता. घासून घासून कातडी लाल व्हायची, पण ती राखाडी जाळी काही जायची नाही. अगदी मच्छरदाणीच्या कापडासारखी बारीक जाळी, मानेपासून छातीपर्यंत.

नखं त्याआधीच बिघडली होती. उभ्या चिरा, टोकाला भुगा. फंगस म्हणून दोन वर्षं गोळ्या आणि मलमं झाली. मग जिभेवर पांढरा चट्टा आला. दाताच्या डॉक्टरांनी वहिनीला बाहेर बसवून त्याला विचारलं, गुटखा कधीपासून खातोस? पोरगा रात्री माझ्याकडे आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "आत्या, मी काही खात नाही गं. तू तरी सांग त्यांना." तो चेहरा अजून डोळ्यांपुढे आहे.

गेल्या वर्षी बारावीच्या क्लासमध्ये नाकातून रक्त आलं ते थांबेना. प्लेटलेट ३१ हजार, हिमोग्लोबिन ७.९. बोन मॅरोची, म्हणजे हाडांच्या आतल्या रक्त बनवणाऱ्या गाभ्याची, तपासणी झाली, निदान आलं अप्लास्टिक अॅनिमिया, म्हणजे तो मॅरो पुरेसं रक्तच बनवत नाही. आम्हाला हा शब्द नवा नव्हता. माझा दादा, म्हणजे याचे वडील, २००८ मध्ये ३९व्या वर्षी याच आजाराने गेले. तेव्हा त्यांना एटीजीचं इंजेक्शन दिलं होतं, प्रतिकारशक्ती दाबणारं, ते घोड्याच्या रक्तापासून बनवतात. काहीच फरक पडला नव्हता.

भाच्यालाही तेच द्यायचं ठरलं होतं. तारीखसुद्धा मिळाली होती. दुसरं मत घ्यायला म्हणून आम्ही परळला एका वयस्कर डॉक्टर बाईंकडे गेलो. त्यांनी फाइल उघडलीच नाही. आधी म्हणाल्या, "हात दाखव रे बाळा." नखं पाहिली, मग कॉलर बाजूला केली, मग जीभ. आणि माझ्याकडे वळून विचारलं, "घरात कोणाचे केस फार लवकर पिकले होते? कोणाला फुप्फुसाचा त्रास?"

दादाचे केस बाविसाव्या वर्षी पांढरे झाले होते, चाळीत त्याला सगळे आजोबा म्हणायचे. आणि आमचे बाबा गिरणीत कार्डिंग खात्यात होते, ८२च्या संपापर्यंत. १९९१ मध्ये ६०व्या वर्षी गेले, शेवटची दोन वर्षं गॅलरीतून घरात येतानाही धाप लागायची. सगळे म्हणाले, कापसाची धूळ. लालबागमध्ये असा दमा घरोघरी होता, कोण शंका घेणार?

बाईंनी कागदावर तीन चौकोन काढले. आजोबा, फुप्फुस, ६०. मुलगा, मॅरो, ३९. नातू, मॅरो, १७. म्हणाल्या, "एटीजी थांबवा. आधी याच्या टेलोमिअरची लांबी मोजू."

त्या चाचणीबद्दल मराठीत मला काहीही सापडलं नाही. जे कळलं ते इथे मांडते. ज्यांना जास्त ठाऊक आहे त्यांनी भर घाला, चुकत असेन तर दुरुस्त करा.

शुभदा_ठाणे | शुक्रवार, रात्री ११:१५

अलकाताई, वाचून पोटात कालवलं. गुटख्याचा प्रसंग तर... भाचा आता कसा आहे? आणि टेलोमिअर म्हणजे नक्की काय ते जरा सोप्या भाषेत सांगाल का कोणी?

पेशीमित्र | शनिवार, सकाळी ७:५०

मी २० वर्षं लॅबमध्ये आहे, बहुतेक काळ फ्लो सायटोमेट्रीवर, म्हणजे एकेक पेशी लेझरसमोरून सोडून मोजण्याच्या मशीनवर. निदान करणं माझं काम नाही, पण मोजतात कसं ते सांगू शकतो.

आपल्या प्रत्येक गुणसूत्राच्या टोकाला टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं हजारो वेळा ओळीने लिहिलेली असतात. ते टोक म्हणजे टेलोमिअर. पेशी विभागताना डीएनएची नक्कल अगदी टोकापर्यंत होत नाही, त्यामुळे दर वेळी थोडं टोक कमी होतं. जन्मतः रक्तातल्या लिम्फोसाइटमध्ये (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) साधारण १० ते ११ हजार अक्षरांची लांबी असते, वयानुसार ती घटत जाते. टोक फारच आखूड झालं की पेशी विभागायची थांबते किंवा मरते. मॅरोमधल्या मूळ पेशी, त्वचा, तोंडाचं अस्तर, नखांचं मूळ, इथे पेशी सतत बनत असतात, म्हणून तिथे आधी दिसतं.

झीज भरून काढणारं एन्झाइम म्हणजे टेलोमरेज. ते आणि टेलोमिअर यांच्या शोधासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शोस्टॅक यांना २००९चं नोबेल मिळालं. हे एन्झाइम किंवा टोकाचं संरक्षण करणारी प्रथिनं बनवणाऱ्या जनुकात जन्मजात दोष असेल तर झीज भरून निघत नाही. नखं, जाळीदार रंग आणि जिभेचा पांढरा चट्टा ही त्रयी दिसली की त्याला डिस्केराटोसिस कन्जेनिटा म्हणतात. पण बऱ्याच जणांत त्रयी नसतेच. कोणाला नुसतं फुप्फुस, कोणाला नुसतं लिव्हर, कोणाला नुसता मॅरो.

आता मोजणं. तीन पद्धती जास्त ऐकू येतात. सदर्न ब्लॉट जुनी, तिला डीएनए पुष्कळ लागतो आणि सगळ्या पेशींची मिळून एकच सरासरी मिळते. क्यूपीसीआर स्वस्त आणि जलद, हजारो लोकांच्या संशोधनाला ठीक, पण एकाच माणसाचा नमुना दोनदा लावला तरी आकडा बराच हलतो. एका रुग्णाच्या निदानासाठी मी तिच्यावर विसंबणार नाही.

निदानासाठी वापरतात ती फ्लो-फिश. १९९८ मध्ये व्हँकुव्हरच्या पीटर लान्सडॉर्प यांच्या गटाने ती आणली. त्या सहा अक्षरांना जाऊन चिकटणारा एक चमकणारा प्रोब असतो. पेशी गरम करून डीएनए उलगडायचा, प्रोब चिकटवायचा, जास्तीचा धुऊन टाकायचा आणि एकेक पेशी लेझरसमोरून सोडायची. जितकं टोक लांब तितका प्रोब जास्त, तितका प्रकाश जास्त. आणि एक गोष्ट मला फार आवडते: प्रत्येक नळीत गाईच्या थायमसच्या पेशी मिसळतात. त्यांची टेलोमिअर लांबी ठरलेली असते, आपल्यापेक्षा लांब. त्यामुळे त्या दिवशी मशीन किंवा रसायन जरा इकडेतिकडे झालं तरी त्या पेशी पट्टीचं काम करतात.

लिम्फोसाइट वेगळे, ग्रॅन्युलोसाइट (पांढऱ्या पेशींचाच दुसरा प्रकार) वेगळे मोजता येतात, हा मोठा फायदा. मॅरो दुसऱ्या कुठल्याही कारणाने थकला असेल तरी ग्रॅन्युलोसाइट आखूड निघू शकतात. लिम्फोसाइट खूप आखूड निघाले तर मात्र जन्मजात दोषाचा संशय बळावतो.

रक्तातल्या पेशी शाबूत पोचाव्या लागतात. नमुना गोठवायचा नाही, दिवस घालवायचे नाहीत. शुक्रवारी रक्त काढून शनिवार-रविवार कुरियरच्या गोदामात पडून राहिलं तर पैसे आणि वेळ दोन्ही वाया.

गिरणगावकर_अलका | शनिवार, सकाळी ९:३०

पेशीमित्र, मनापासून धन्यवाद. गाईच्या पेशींचं आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. भाच्याला वाचून दाखवलं, त्याने दोनदा वाचायला लावलं.

आमचा नमुना सोमवारी सकाळी काढला तो याचसाठी. बाहेर पाठवायचा होता. त्या दिवशी हिंदमाताला पाणी भरलेलं, कुरियरचा मुलगा डबा पोटाशी धरून रेनकोटच्या आत घेऊन आला-गेला. त्याचं नावही विचारायचं राहिलं.

रिपोर्टमध्ये एक आलेख असतो. खाली वय, उभ्या बाजूला लांबी, आणि डावीकडून उजवीकडे उतरत जाणाऱ्या वक्ररेषा. मधली रेष पन्नासाव्या पर्सेंटाइलची, सगळ्यात खालची पहिल्या पर्सेंटाइलची. सीईटीमुळे पर्सेंटाइल आपल्या घराघरात कळतं. निरोगी १०० माणसं त्याच वयाची घेतली तर ९९ जण ज्या रेषेच्या वर असतील ती पहिली रेष. भाच्याचा ठिपका तिच्याही बराच खाली होता. लिम्फोसाइट ४.७ किलोबेस, म्हणजे ४,७०० अक्षरं. त्या लांबीपाशी आडवी रेघ ओढत गेलं तर ती आलेखाच्या उजव्या टोकाला, ऐंशीच्या पुढच्या माणसांपाशी जाते. वहिनीने बोटाने ती रेघ ओढली आणि बोट तिथेच ठेवून बसून राहिली.

त्याआधी फॅन्कोनी अॅनिमियासाठी, म्हणजे मॅरो फेल करणाऱ्या आणखी एका जन्मजात आजारासाठी, क्रोमोसोम ब्रेकेजची तपासणी झाली होती, ती नॉर्मल आली. परळला केईएमच्या आवारातच आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे, त्यांचं या रक्ताच्या जन्मजात आजारांवर काम आहे. मॅरो फेल झालेल्या लहान वयाच्या रुग्णात फॅन्कोनी आणि आखूड टेलोमिअर ही दोन्ही कारणं आधी तपासायला हवीत असं बाई सांगतात.

जनुकांची तपासणी पहिल्यांदा केली तेव्हा काहीच सापडलं नाही. आम्ही सुटकेचा श्वास सोडला. बाई म्हणाल्या, लांबी इतकी कमी असताना हा रिपोर्ट मी मानणार नाही, टीईआरसी हे जनुक नीट पाहिलंय का विचारा. नव्हतं पाहिलं. परत केलं, त्यातच दोष निघाला. लांबीचा रिपोर्ट हातात नसता तर आम्ही "जनुकं नॉर्मल" म्हणून तिथेच थांबलो असतो.

पेशीमित्र | शनिवार, सकाळी १०:०५

बाईंचं बरोबर. एक्सोम तपासणी मुख्यतः प्रथिनं बनवणारा भाग वाचते. टीईआरसी प्रथिन बनवतच नाही, ते टेलोमरेजला लागणारा आरएनए साचा बनवतं. त्यामुळे काही किटमधून ते सुटतं. डीकेसी१, टीईआरटी, टीईआरसी, टिन्फ२, आरटीईएल१, पार्न अशी बरीच जनुकं आज माहीत आहेत, तरी काही कुटुंबांत दोष सापडतच नाही. तिथे लांबीच बोलते.

तुमच्याकडे आजोबा, वडील, मुलगा अशी सरळ पुरुषांची साखळी आहे. डीकेसी१ एक्स गुणसूत्रावर असतं आणि वडील मुलाला एक्स देत नाहीत. म्हणजे कागदावरच्या त्या तीन चौकोनांवरूनच बाईंनी ते जनुक बाजूला ठेवलं असणार.

आणि वय दर पिढीला खाली का आलं, तर मुलाला सदोष जनुकाबरोबर आधीच आखूड झालेली टोकंही मिळतात. सुरुवातच मागून.

वसईचा_विनू | शनिवार, दुपारी १:२०

ताई, बाबांच्या कार्डिंग खात्याचं वाचलं आणि थबकलो. माझे वडील ६६, पल्मोनरी फायब्रोसिस, म्हणजे फुप्फुस कडक होत जातं तो आजार. काका पण त्यानेच गेले, ५९ला. आजवर आम्ही धुळीला आणि कबुतरांना दोष देत आलो. माझे केस तिशीत पांढरे झालेत. आम्ही ही चाचणी करावी का?

पेशीमित्र | शनिवार, दुपारी ३:४५

विनूभाऊ, फुप्फुसाच्या डॉक्टरांना काकांचं आणि तुमच्या केसांचं आवर्जून सांगा. घरात एकाहून जास्त जणांना फायब्रोसिस असेल तर टेलोमिअरचा विचार व्हायला हवा. २००७ मध्येच अशा कुटुंबांत टीईआरटी आणि टीईआरसीचे दोष सापडल्याचं प्रसिद्ध झालं. मोठ्या वयात दिसणाऱ्या टेलोमिअरच्या आजारात फुप्फुसाचं फायब्रोसिस सगळ्यात जास्त आढळतं.

पण साठीनंतर आलेख तितका स्पष्ट बोलत नाही. त्या वयात सगळ्यांचीच टोकं आखूड असतात, त्यामुळे दोष असलेला माणूस पहिल्या रेषेच्या वर, खालच्या दहा टक्क्यांत कुठेतरी दिसू शकतो. म्हणून तिथे लांबी आणि जनुक दोन्ही पाहतात.

उपचाराशीही याचा संबंध आहे. प्रेडनिसोन, अॅझाथायोप्रिन आणि एन-अॅसिटिलसिस्टीन हे त्रिकूट पूर्वी आयपीएफला, म्हणजे कारण न सापडलेल्या फुप्फुसाच्या फायब्रोसिसला, देत. २०१२च्या पँथर चाचणीत त्याने मृत्यू वाढलेले दिसले. २०१९ मध्ये त्याच रुग्णांचे टेलोमिअर मोजून पाहिले तेव्हा तो अपाय आखूड टेलोमिअर असलेल्यांतच झालेला आढळला. वडिलांचं कुठलंही औषध स्वतः बंद करू नका, फायब्रोसिसचे प्रकार अनेक आहेत. डॉक्टरांना विचारा.

नीलम_के | शनिवार, संध्याकाळी ६:३०

मी ४६ वर्षांची आहे. ऑफिसच्या हेल्थ पॅकेजमध्ये टेलोमिअरवरून "शरीराचं वय" सांगणारी तपासणी होती. माझं ५३ आलं. दोन महिने झोप नाही नीट. हा धागा वाचून अजून घाबरले. मलाही हा आजार असेल?

काळाचौकी_डॉक्टर | शनिवार, रात्री ९:१०

नीलमताई, मी फॅमिली डॉक्टर आहे. तुमची नखं, तोंड, रक्ताची साधी तपासणी, लिव्हर, श्वास ठीक आहे आणि घरात असा इतिहास नाही, तर त्या ५३ आकड्याने झोप घालवू नका. अशा पॅकेजमध्ये बहुधा क्यूपीसीआर असतं आणि निरोगी माणसांमध्येही एकाच वयात लांबीचा पट्टा खूप रुंद असतो. त्याला वयाचं रूप देणं मला अजिबात मान्य नाही. माणसं विनाकारण घाबरतात.

हिशोब बघा. २०११च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. व्याख्येप्रमाणेच निरोगी माणसांतले एक टक्का पहिल्या रेषेच्या खाली असणार. म्हणजे उद्या सगळ्या मुंबईची फ्लो-फिश केली तर सव्वा लाखाच्या आसपास माणसं "असामान्य" निघतील, आणि हा आजार असलेले त्यात मूठभर. लक्षण किंवा कुटुंबाचा इतिहास असेल तेव्हाच त्या ठिपक्याला वजन येतं.

उलट ज्यांची करायला हवी त्यांची होत नाही. व्यसन नसलेल्या मुलाच्या जिभेवर पांढरा चट्टा दिसला तर आमच्यापैकी किती जण नखं बघतात? आपल्याकडे तंबाखू इतकी आहे की पुढचं काही सुचतच नाही. ताईंचा धागा वाचून मी आज आलेल्या दोन मुलांची नखं पाहिली.

जॉन्स हॉपकिन्सच्या २०१८च्या अभ्यासात, मॅरो फेल्युअरचं कारण न सापडलेल्या ४०च्या आतल्या नव्या रुग्णांत, टेलोमिअरच्या रिपोर्टमुळे सुमारे एक चतुर्थांश जणांचा उपचार बदलला. कारण जन्मजात दोषात एटीजी-सायक्लोस्पोरिन लागू पडत नाही. दादांच्या बाबतीत बहुधा तेच झालं.

शुभदा_ठाणे | शनिवार, रात्री ९:४०

मग उपाय काय? ट्रान्सप्लांट? बहीण आहे ना त्याला?

गिरणगावकर_अलका | रविवार, सकाळी ८:२०

याच्यासाठीच धागा काढला खरं तर.

भाची २० वर्षांची. एचएलए, म्हणजे दाता जुळतो का ते सांगणाऱ्या पेशींवरच्या खुणा, पूर्ण जुळलं, दहापैकी दहा. रक्त नॉर्मल, नखं सुंदर, कॉलेजच्या कबड्डी टीममध्ये. रिपोर्ट आला त्या दिवशी वहिनीने पेढे वाटले. बाई म्हणाल्या, अजून हो म्हणू नका, हिची लांबी आणि हिचं टीईआरसी बघू.

भाचीचा ठिपका पहिल्या रेषेच्या वर होता, दहाव्याच्या खाली. आम्ही म्हटलं, चला, वर आहे! मग जनुकाचा रिपोर्ट आला. तोच दोष तिच्यातही. तिची मूळ पेशी भावाला दिली असती तर तोच आजार दुसऱ्या पिशवीतून परत घातल्यासारखं झालं असतं, आणि मॅरो धरला नसता तर पुढे काय. घरातला दाता तपासल्याशिवाय घेऊ नका, हे मला जीव तोडून सांगायचंय. लांबी नॉर्मल पट्ट्यात असली तरी जनुक बघा. उलटही होतं: दोष न मिळालेल्या भावंडाची लांबीही जरा कमी दिसू शकते, कारण आखूड टोकं त्यालाही मिळालेली असतात. म्हणून नुसत्या ठिपक्यावर निर्णय नको.

सध्या डॅनाझॉल चालू आहे, पुरुषी हार्मोनच्या जातीचं औषध. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २७ रुग्णांना दिलं होतं, तीन महिन्यांनी तपासलेल्या २४ पैकी १९ जणांचं रक्त सुधारलं. लिव्हरवर लक्ष ठेवावं लागतं. भाच्याचं हिमोग्लोबिन आता ९.६ आहे, पाच आठवडे रक्त चढवलेलं नाही. बाहेरचा दाता शोधायला दात्री रजिस्ट्रीत नोंद केली आहे. नाहीच मिळाला तर वहिनी, ती अर्धी जुळते आणि ती बाहेरून आलेली, तिच्यात दोष नाही. ट्रान्सप्लांटआधीचं औषध हलकं ठेवणार, रेडिएशन नाही, कारण या मुलांची फुप्फुसं आणि लिव्हर ते सोसत नाहीत.

तळेगावकर | रविवार, सकाळी ११:००

अलकाताई, राग मानू नका. भाचीला सांगायची काय गरज होती? मुलगी निरोगी आहे. उद्या लग्नाचं बघाल तेव्हा? अशी गोष्ट बाहेर फुटली तर कोण पुढे येईल? दाता म्हणून चालत नाही एवढंच सांगून भागलं असतं.

गिरणगावकर_अलका | रविवार, दुपारी १२:१५

राग नाही काका. वहिनी पण पहिल्या रात्री हेच म्हणाली होती.

पण तिने स्वतःहून विचारलं, "माझं चालत का नाही?" दहापैकी दहा जुळलेल्या मुलीला काय कारण सांगणार? आणि न सांगता तिची काळजी कशी घेणार? तिला वर्षातून एकदा रक्त, तोंडाची तपासणी, फुप्फुसाची क्षमता बघायची आहे. तंबाखू-सिगरेटच्या वाऱ्यालाही जायचं नाही, दारू नाही. या लोकांना तोंडाच्या-घशाच्या कॅन्सरचा धोका जास्त असतो. हे सगळं एखादी मुलगी कारण न कळता का करेल?

लग्नाचं म्हणाल तर ज्याच्याशी करेल त्याला ती सांगेल. प्रत्येक मुलाला दोष जायची शक्यता निम्मी, हे समुपदेशकांनी तिला चित्र काढून समजावलंय. गर्भ रुजवण्याआधी तपासता येतो हेही. माझ्या आईला कोणीच काही सांगितलं नव्हतं. तिने बाबांना धुळीने गमावलं, मुलाला नशिबाने, अशीच समजूत धरून ती गेली. मला ते परत नको आहे.

तळेगावकर | रविवार, दुपारी १२:५०

पटलं. भाचीला माझे आशीर्वाद सांगा.

वसईचा_विनू | रविवार, संध्याकाळी ७:०५

वडिलांशी बोललो. म्हणाले, माझ्यासाठी नको, तुझ्यासाठी करू. बुधवारी छातीच्या डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. ताई, जाताना काय काय न्यावं?

गिरणगावकर_अलका | रविवार, रात्री ८:३०

काकांचे जुने कागद मिळतील तेवढे, एक्सरे-सीटी सकट. मृत्यूच्या दाखल्यावरचं कारण. घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय, आणि पुढे केस कधी पिकले, नखं, लिव्हर, प्लेटलेट, धाप, काहीही असेल ते, एका कागदावर. आत्या-मावश्यांना फोन करा, त्यांना सगळं आठवतं. वडिलांना कधी मॅरो ट्रान्सप्लांट झालं असेल तर सांगा, मग रक्तात दात्याची लांबी दिसते. चाचणी ठरलीच तर रक्त आठवड्याच्या सुरुवातीला काढा.

आणि जुने फोटो न्या. आमच्या बाईंनी दादाचा लग्नातला फोटो मागितला होता, बाशिंगाखालचे केस बघायला.

वसईचा_विनू | रविवार, रात्री ८:४१

काकांचा १९८८चा आहे, वज्रेश्वरीच्या सहलीतला. काढून ठेवतो.